बाण माझ्या फाइलीकडे येत होते

हे लिहायला मला पंचवीस वर्षं लागली. त्यातली पहिली चोवीस वर्षं लिहावंसं वाटलंच नव्हतं, हेही आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, बिचारा म्हातारा इतकी वर्षं आतून जळत होता. मी जळत नव्हतो. मी सकाळी फिरायला जात होतो, दोन वेळा नीट जेवत होतो आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेली शाल लग्नकार्यात मिरवत होतो.

रत्नागिरीतल्या आंबा बागायतदारांच्या एका संस्थेत मी कॉम्प्युटर विभाग सांभाळायचो. विभाग म्हणजे मी, माझ्या हाताखाली एक बाई, दोन मशीन आणि एक एसी. आज माझं वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही लिहिलेले प्रोग्राम संस्थेत अजून चालतात, याचा मला परवापरवापर्यंत अभिमान होता. आता संस्था नवी व्यवस्था बसवते आहे आणि ते काम एका चाळिशीतल्या इंजिनिअरकडे दिलंय. इथलाच, पुण्यात पंधरा वर्षं नोकरी करून परत आलेला. मारुती मंदिराजवळ मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानाच्या माडीवर त्याचं ऑफिस आहे. गेल्या वर्षी हंगाम संपल्यावर त्याचा फोन आला.

"काका, तुमचा जुना कोड वाचतोय. वाचतोय म्हणजे डोकं फुटायची वेळ आलीय. एकदा येऊन जाता का? चहा पाजतो."

"चहा घरी मिळतो. काय अडलंय ते सांग."

"ते सांगण्यासारखं नाही हो. बघण्यासारखं आहे."

गेलो. त्याने भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर एक चित्र लावलं होतं. नुसते चौकोनी डबे आणि त्यांच्यामधून धावणारे बाण. कोणीतरी मासे धरायचा पाग फेकून तो तसाच वाळूत गोळा करून टाकावा, तसं ते दिसत होतं.

प्रोग्राम म्हणजे एक सलग बाड नसतं, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेगवेगळ्या फाइली असतात. एक फाइल दुसरीला हाक मारते, आणि तिकडून आलेलं उत्तर खरं धरून पुढे जाते. कोणती फाइल कोणावर टेकलेली आहे, हे आम्ही डोक्यात ठेवायचो. कागदावर कोणी काढत नसे, आणि ते मला एका अर्थी सोयीचंही होतं. त्याच्याकडचं साधन सगळ्या फाइली एका दमात वाचून प्रत्येकीचा एक डबा काढतं, आणि जिने हाक मारली तिच्याकडून जिला मारली तिच्याकडे बाण ओढतं. ज्या डब्याकडे जास्त बाण येतात तो डबा मोठा होत जातो, त्याचा रंग गडद होत जातो.

"आपली जुनी भाषा ह्याला येत नव्हती," तो म्हणाला. "दोन दिवस बसून शिकवली. आता घडाघडा वाचतं."

चित्राच्या मधोमध एक काळाकुट्ट डबा होता.

"हा कोणाचा?" त्याने विचारलं.

"माझा. सामाईक फाइल."

"सगळे तुमच्याच जिवावर होते की काका."

"होतेच," मी म्हटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं.

मग त्याने कडेच्या एका लहान डब्याकडे बोट केलं. "आणि हा बघा. बाकी सगळा गुंता आहे, पण हा किती स्वच्छ लिहिलाय. ह्याच्यातून एकच बाण निघतो, तो तुमच्याकडे. कोणाचं काम हे?"

"एक बाई होत्या."

"सोडून गेल्या?"

"हो."

त्याने त्या बाणावर टिचकी मारली. पडद्यावर दोन फाइली शेजारी शेजारी उघडल्या. बाईंची डावीकडे, माझी उजवीकडे. तो थोडा वेळ वाचत राहिला आणि हसला.

"हे गमतीचं आहे. बाईंनी इथे लिहिलंय, फवारणीची तारीख कोरी आली तर माल थांबवा. पण तुमची फाइल कोरी तारीख देतच नाही त्यांना. कोरी दिसली की शिमग्याची तारीख चिकटवून पाठवते. म्हणजे बाईंची ओळ बसून राहिली असणार नुसती. शिमगा कुठून आला हो मध्ये? कोणी घातला?"

मी चष्मा काढला आणि पुसत बसलो.

"आठवत नाही," मी म्हटलं. "जुनं आहे फार."

जे शोधायला संस्थेने एके काळी चौकशी बसवली होती, ते त्याला चहा थंड व्हायच्या आत सापडलं होतं. आणि पंचवीस वर्षांनी कोणीतरी मला सरळ विचारलं, तेव्हा मी पुन्हा खोटं बोललो होतो.

मला ओळ न् ओळ आठवत होती.

आमची संस्था आंबा परदेशी पाठवायची. तिकडची अट अशी की कलमांवर औषध मारल्यापासून ठरावीक दिवस गेल्याशिवाय फळ काढायचं नाही, नाहीतर फळात औषधाचा अंश राहतो. प्रत्येक बागायतदाराने फॉर्मवर शेवटच्या फवारणीची तारीख लिहून द्यायची, ती मशीनमध्ये भरायची, आणि मशीनने चिठ्ठी छापायची. माल सोडा, किंवा माल थांबवा.

आता आमच्याकडच्या बागायतदाराला तारीख विचारली की तो कॅलेंडर बघत नाही. "पालखी वाडीत आली ना, त्याच्या आदल्या दिशी मारलं," असं सांगतो. त्याचं खरंच असतं. शिमग्याला देवाची पालखी येणार म्हटलं की मुंबईकर घरी येतात, मग आठ-दहा दिवस बागेत कोण पाऊल टाकतो. म्हणून सगळे फवारणी उरकून घेतात ती शिमग्याच्या आधी. पण पालखी सगळ्या वाड्यांत एका दिवशी जात नाही. ह्या वाडीत आज, तर त्या वाडीत चार दिवसांनी. तेव्हा मी एक तक्ता केला होता. दर वर्षी गावोगाव फोन लावून कुठल्या वाडीत पालखी कधी, हे विचारून घ्यायचो आणि सामाईक फाइलीत भरून ठेवायचो. फॉर्म द्यायला खिडकीवर आलेला माणूस 'पालखीच्या आदल्या दिवशी' म्हणाला की मशीन तारीख काढून द्यायचं. लोक एकमेकांना कौतुकाने सांगायचे, "ह्यांच्या कॉम्प्युटरला शिमगा कळतो." मला ते फार आवडायचं. पुढे जे झालं त्याच्या मुळाशी हेच आवडणं होतं.

माल सोडायचा की थांबवायचा, ही तपासणी बाईंच्या फाइलीत होती. त्या अलोऱ्याच्या. वडील तिथल्या कोयना वीज प्रकल्पाच्या कॉलनीत नोकरीला. आमच्याकडे आल्या तेव्हा तिशीच्या आसपास होत्या. कमी बोलायच्या आणि लिहिलेलं तीनदा तपासायच्या. तारीख कोरी असेल तर माल थांबवा, ही ओळ त्यांनी पहिल्याच दिवशी घातली होती.

पहिल्या हंगामात त्या ओळीने बऱ्याच पेट्या अडवल्या. लोक खिडकीवर यायचे ते माझ्याकडे बघत.

"काय हो साहेब, तुमच्या बाईंच्या मशीनने माझ्या पेट्या अडवल्यान."

"तारीख सांगा, लगेच सोडते," बाई आतून म्हणायच्या.

"तारीख म्हाईत असती तर लिवली नसती? शिमग्याच्या आधीच मारलं असणार की. सगळेच मारतात."

मला चिंता आंब्याची नव्हती, खिडकीवर माझं काय दिसतं याची होती. ज्यांच्या मशीनला शिमगा कळतो, त्यांच्या दारात पेट्या उन्हात पडल्यात, हे बघवत नव्हतं. दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर मी सामाईक फाइलीत तीन ओळी घातल्या. तारीख कोरी असेल तर त्या वाडीत पालखी आली त्याच्या आदल्या दिवसाची तारीख धरावी.

कोणी काय बदललं हे लिहायला विभागात एक वही होती. ज्याची फाइल त्यानेच उघडायची आणि बदल वहीत लिहायचा, हा नियम मीच केला होता. त्या तीन ओळी मी वहीत लिहिल्या नाहीत. बाईंना सांगितलंही नाही. विसरलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण सांगितलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या, आणि त्यांचं बरोबर असतं. म्हणून सांगितलं नाही.

त्या हंगामात एकही पेटी अडली नाही. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. बाई म्हणाल्या, "यंदा सगळे फॉर्म भरून देतायत वाटतं. सुधारले लोक." मी म्हटलं, "हो, सुधारले."

त्या वर्षी शिमगा झाल्यावर आठवडाभर मळभ होतं. मोहोरावर तुडतुड्याची कीड पडली. काही जणांनी पुन्हा फवारणी केली. त्यातल्या तिघांनी फॉर्मवर तारखेची जागा कोरी ठेवली. खरं लिहावं तर पेट्या अडणार, आणि खोटं लिहायला हात धजेना. त्यांच्या कोऱ्या जागेत माझ्या तीन ओळींनी शिमग्याची तारीख भरली. बाईंच्या फाइलीला ती खरी वाटली. तिने दिवस मोजले, ते पुरेसे भरले, आणि चिठ्ठी छापली. माल सोडा. चिठ्ठीच्या खाली बाईंची आद्याक्षरं छापून यायची, कारण चिठ्ठी त्यांच्या फाइलीतून निघायची.

माल परदेशात तपासला गेला, त्यात औषध सापडलं, सगळी खेप तिकडेच नष्ट केली. त्या हंगामापुरती संस्थेची निर्यात थांबली. कार्यकारी मंडळाने मला सांगितलं, चूक कुठे आहे ते शोधा. मला पाव तास लागला. दुपारची वेळ होती, बाई जेवायला गेल्या होत्या. मी माझी फाइल उघडली, त्या तीन ओळी बघितल्या आणि फाइल बंद केली.

मंडळाच्या बैठकीत बाई एक छापील कागद घेऊन आल्या. त्यावर एका ओळीखाली तांबडी रेघ मारलेली होती. त्यांना बसा असं कोणी म्हटलं नाही, त्या उभ्याच होत्या.

"फॉर्म कोरे होते म्हणता," अध्यक्ष म्हणाले. "मग मशीनने माल थांबवायला नको?"

"थांबवायलाच पाहिजे. तशी ओळ आहे माझ्या फाइलीत. ही बघा."

अध्यक्षांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि माझ्याकडे सरकवला. "आहे का हो तशी ओळ?"

"ओळ आहे," मी म्हटलं. "पण ती चालली नाही."

माझं हे वाक्य अक्षरशः खरं होतं. घरून ठरवून गेलो होतो असं नाही. तिथे बसल्या बसल्या ते तोंडातून आलं, आणि आल्यावर मी दुसरं काही बोललो नाही.

"म्हणजे काम कच्चं," एक सदस्य म्हणाले. "ओळ लिहायची आणि ती चालायची नाही, ह्याला काय अर्थ आहे."

बाई माझ्याकडे बघत होत्या. "साहेब, सामाईक फाइल एकदा उघडून बघू या ना. मला वाटतं, माझ्याकडे तारीख कोरी आलीच नसेल."

त्यांच्यासमोर कसलं चित्र नव्हतं, बाण नव्हते. त्या नुसत्या डोक्याने बरोबर माझ्या डब्यापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हंगाम चालू असताना सामाईक फाइल उघडायची नाही, हा नियम आहे. तुम्हाला माहीत आहे तो."

"नियम तुमचाच आहे ना पण?"

"म्हणूनच."

कोणीतरी हसलं. "बाई, आता साहेबांवर ढकलताय होय?"

बाईंनी आपला कागद उचलून घेतला आणि त्या बाहेर गेल्या. महिन्याभरात त्यांना कमी केलं. वार्षिक सभेत अहवाल वाचताना त्यांचं नाव घेऊन सांगितलं गेलं की तपासणी प्रोग्राममधल्या चुकीला जबाबदार असलेल्या कर्मचाऱ्याला सेवेतून कमी केलं आहे. मांडवात मागच्या बाजूला त्या वडिलांना घेऊन बसल्या होत्या. त्यांना ऐनवेळच्या विषयांत दोन शब्द बोलायचे होते. अध्यक्ष म्हणाले, सभासद नसलेल्यांना बोलता येत नाही. मी मंचाच्या बाजूच्या खुर्चीवर होतो. घरच्या आंब्याच्या आठ कलमांच्या जोरावर मी सभासद होतो. मला बोलता आलं असतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी टेबलाची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

"साहेब, बदलांची वही एकदा बघा. काही लिहायचं राहिलं असेल तर."

"बघतो," मी म्हटलं. पुढच्या हंगामापासून खिडकीवर कोरा फॉर्म घेणंच बंद झालं, म्हणून त्या तीन ओळी मी काढल्याही नाहीत, तशाच पडून राहिल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी हलकट ठरलो असतो, पण थांबलं नाही. बाईंनी चार ठिकाणी नोकरीसाठी अर्ज केले. चौकशीचे फोन संस्थेत यायचे आणि ते माझ्या टेबलावर यायचे. मी कधी त्यांच्याबद्दल वाईट बोललो नाही. "काम नीट करायच्या. वेळेवर यायच्या. पण..." असं म्हणून मी थांबायचो. पलीकडचा माणूस समजूतदारपणे "बरं बरं" म्हणायचा. दर वेळी तेवढ्या थांबण्याने काम व्हायचं. त्या कुठे दुसऱ्या नोकरीत बसल्या आणि पुन्हा विचारू लागल्या तर, ही भीती होती. आणि दुसरं एक होतं, ते लिहायला जड जातं. त्यांना कुठे नोकरी मिळाली नाही, तर मंडळाचा निर्णय बरोबर होता असं मला मानता येत होतं.

चित्र बघून आल्यावर दहा दिवस मी घरात बसून राहिलो. बायको म्हणाली, "काय त्याने सांगितलंन एवढं? चहाशिवाय बोलणं नाही तुमचं." मी तिलाही सांगितलं नाही. अकराव्या दिवशी पुन्हा त्या माडीवर गेलो.

"त्या चित्राची एक मोठी प्रत काढून दे."

"कशाला काका? भिंतीवर लावताय की काय?"

"शिमगा मी घातला होता," मी म्हटलं. मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

चांगला माणूस आहे, त्याने मला सोडवायचा प्रयत्न केला. "होतं हो काका. बग सगळ्यांच्याच हातून होतात."

"बग असतो तेव्हा आपल्याला माहीत नसतं. मला माहीत होतं."

त्याने प्रत काढून दिली. लांब गुंडाळी झाली, ती मी जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधली.

चिपळूणला एसटी बदलून अलोऱ्याला गेलो. तिथे रस्त्यालगत बाईंचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं लहानसं दुकान आहे, एवढी माहिती मी काढली होती. त्या आता साठीला आल्यात. केस पांढरे, चष्मा जाड. एका माणसाचा कसला तरी दाखल्याचा अर्ज भरत होत्या. मान वर करून त्यांनी मला बघितलं आणि ओळखलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "ह्यांचं होऊ दे."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो. त्या माणसाने जन्मतारखेची जागा रिकामी ठेवली होती. बाई त्याला म्हणाल्या, "ही भरल्याशिवाय पुढे जाणार नाही. आठवून सांगा, नाहीतर दाखला घेऊन या." तो कुरकुरत निघून गेला. मी खाली बघत होतो.

मग मी गुंडाळी सोडली. त्यांनी ती झेरॉक्स मशीनच्या झाकणावर पसरली, कडा उडू नयेत म्हणून एका बाजूला स्टेपलर ठेवला आणि चष्मा कपाळावर सरकवून जवळून बघू लागल्या. कितीतरी वेळ.

"छान काढतं हो. तेव्हा पाहिजे होतं हे आपल्याकडे." त्यांनी लहान डब्यावर बोट ठेवलं. "ही मी."

"हो."

"हे तुम्ही. बापरे. एवढे बाण? मला वाटायचं चौदा-पंधरा असतील." बोट बाणावरून सरकत माझ्या डब्याशी आलं. "आत काय होतं?"

मी सांगितलं. तीन ओळी, कोरी तारीख, पालखीचा आदला दिवस.

"शिमगा?"

"शिमगा."

त्या हसल्या. ते हसणं मला ऐकवलं नाही. "मी किती वर्षं जुळवत होते माहितीये? मला वाटायचं, तुमच्याकडून चुकून आजची तारीख येत असेल, नाहीतर आदल्या वर्षीची. वह्याच्या वह्या भरल्या मी, सगळं करून बघितलं. शिमगा नाही सुचला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाबा जाईपर्यंत म्हणायचे, तुझीच काहीतरी नजरचूक झाली असेल बघ. मलाही शेवटी तसंच वाटायला लागलं होतं."

मी फोनचं सांगितलं. ते त्यांना माहीत होतं. "एका ठिकाणी मला म्हणाले, तुमचे साहेब वाईट काही बोलले नाहीत. नुसते थांबले."

"मी माफी मागायला आलोय."

"माफीचं मी काय करू? काचेत बसवू?" आवाज चढलेला नव्हता. "सभेत वाचलं होतं ना तुमच्या लोकांनी? मग सभेत वाचा. तुम्ही सभासद आहात."

"वाचतो. तुमचं नाव घेऊन सांगतो की..."

"माझं नाव नका घेऊ. ते एकदा घेऊन झालंय."

निघताना त्यांनी चित्राची प्रत काढून घेतली. त्यांच्या मशीनला एवढा कागद मावत नव्हता, म्हणून चार तुकड्यांत काढली आणि चिकटपट्टीने जोडली. जोडताना एक बाण नीट जुळला नाही, तर तो तुकडा सोडवून पुन्हा लावला. मूळ गुंडाळी माझ्या हातात दिली. "सभेत लागेल," म्हणाल्या.

वार्षिक सभेत ऐनवेळचे विषय सगळ्यात शेवटी असतात. तोपर्यंत मागे पंगतीची तयारी सुरू झालेली असते आणि लोकांचं लक्ष तिकडे असतं. अध्यक्ष नवे आहेत, त्यांनी मला आदराने माइक दिला. "काका, थोडक्यात घ्या हां."

दीड पान लिहून नेलं होतं. ते वाचलं. चित्र उलगडून धरलं, दोघांनी त्याचे कोपरे पकडले. माल मी सोडला, चूक माझी होती, मला ती माहीत होती आणि मी एका निर्दोष बाईला जाऊ दिलं, हे सगळं त्यात होतं. सगळं वाचलं. पण शिमग्यापाशी आलो तेव्हा मागून एक म्हातारा ओरडला, "ह्यांच्या कॉम्प्युटरला शिमगा कळायचा," आणि मांडव हसला. त्या हसण्यात पुढची चार वाक्यं गेली. शेवटी टाळ्या वाजल्या. नेमक्या कशाला, ते मला कळलं नाही.

जेवताना एक बागायतदार मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसला. "तेव्हा फॉर्म कोरा ठेवलेल्या तिघांतला मी. पेट्या अडल्या नाहीत आणि खिडकीवर पैसे मिळाले ते तुमच्यामुळे, हे आज कळलं. उपकार झाले." असं म्हणून त्याने स्वतःच्या पानातला लाडू माझ्या पानात ठेवला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

महिन्याने सभेचं इतिवृत्त छापून आलं. त्यात लिहिलं होतं: 'एका ज्येष्ठ सभासदांनी संगणक विभागाच्या जुन्या आठवणी सांगून सभेचे मनोरंजन केले. सभेने त्यांचे आभार मानले.'

सचिवाकडे गेलो. "हे बदला. मी आठवणी सांगितल्या नव्हत्या."

"काका, झालं की आता. जुनं कशाला उकरताय? त्या वेळच्या मंडळातलं कोणी राहिलंय का?"

"मी राहिलोय."

"सही झालीय ह्याच्यावर. तुमची हरकत असेल तर रीतसर घ्या. पुढच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचा विषय असतो, तेव्हा."

"पुढची सभा म्हणजे?"

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला, आणि मग आपण कोणाला काय सांगितलं हे लक्षात येऊन कागद आवरू लागला. नियम असतो, आणि तो पाळायचा असतो.

संध्याकाळी अलोऱ्याला फोन लावला. बाईंनी विचारलं, "काय लिहिलं त्यांनी?" मी वाचून दाखवलं.

"मनोरंजन," त्या म्हणाल्या.

"हो. हरकत घेता येते, पण पुढच्या वर्षी."

"मग पुढच्या वर्षी जा."

"तोवर असलो तर."

"असा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

हरकतीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. एक प्रत माझ्या टेबलाच्या खणात, एक अलोऱ्याला. तारखेची जागा तेवढी कोरी आहे. सभेची तारीख जाहीर झाली की ती मी स्वतःच्या हाताने भरीन. सभेच्या दिवशी मी नसलो, तर अर्जातला मजकूर निदान इथे राहावा म्हणून उतरवतो:

मागील सभेत मी मनोरंजन केले नाही. मी गुन्हा कबूल केला. तपासणीच्या प्रोग्राममध्ये कोणतीही चूक नव्हती. तो लिहिणाऱ्या बाईंनी मंडळापुढे सांगितलेला प्रत्येक शब्द खरा होता, आणि हे मला त्याच दिवशी, त्याच खोलीत माहीत होते. इतिवृत्तात तशी दुरुस्ती करावी.